दातांचा सातबारा

भाषेच्या परीक्षेत द्वारका नागरगोजेला शंभरपैकी चौऱ्याण्णव गुण पडले. निकाल आला तेव्हा ती वृद्धाश्रमात एका म्हाताऱ्याच्या तळपायाला तेल चोळत होती. मनगटावरच्या पट्टीवर आकडा उमटला. तिनं तो दोनदा वाचला आणि तेलकट हातानंच म्हाताऱ्यापुढं धरला.

"सहा कुठं घालवलेस?" म्हातारा म्हणाला.

"व्याकरणात."

"मग हरकत नाही. ते मलाही येत नाही."

द्वारका हसली. पंधरा वर्षांपूर्वी ती उत्तरेकडच्या या देशात, स्कारहोम नावाच्या बंदराच्या गावी आली, तेव्हा असलं बोलणं कळायला तिला दोन दिवस लागायचे. आता तिला इथल्या शिव्या येत होत्या, आणि कोणत्या शिवीला हसायचं असतं हेही येत होतं. बाई बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातली. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. जोडाक्षरं धड वाचायला ती शिकली वयाच्या विसाव्या वर्षी, रुग्णसेवेच्या वर्गात. इथली परीक्षा तीनदा नापास झाली होती. चौथ्या खेपेला, चव्वेचाळिसाव्या वर्षी, तिनं चौऱ्याण्णव मिळवले.

तिनं अंगदला फोन लावला. अंगद तिचा धाकटा भाऊ, तिच्याहून अकरा वर्षांनी लहान. तिनंच त्याला बारा वर्षांपूर्वी इकडं बोलावून घेतलं होतं. तो समुद्रातल्या पवनचक्क्या दुरुस्त करायचा. शिकलेला, म्हणून परीक्षा पहिल्या झटक्यात काढली आणि दोन वर्षांपूर्वी इथला नागरिक झाला.

"अक्का, आता फकस्त दातांचा सातबारा राहिला," तो वाऱ्यात ओरडून बोलत होता. "पंधरा मिनटाचं काम. आ करायचा आन् गप बसायचं. तुला गप बसनंच जड जाईल तेवढं."

"तुझ्या बायकोला इचार, तुमच्या घरात गप कोन बसतं ते."

दातांचा सातबारा हे नाव तिथल्या आपल्या लोकांनीच पाडलेलं. जमीन कुणाची हे सातबारा सांगतो, तसं माणूस कुठला हे दात सांगतात.

या देशाचा कायदा समजायला सोपा होता आणि गळी उतरायला अवघड. अर्ज करणारा माणूस कसा आहे, हे ते बघत. भाषा येते का, काम करतो का, शेजाऱ्यांशी नीट वागतो का. पण सगळ्यात वर एक गोष्ट होती, तो आला कुठून. जगातल्या देशांच्या त्यांनी तीन याद्या केल्या होत्या. पहिल्या यादीत, ज्यांचं सरकार जागेवर होतं आणि ज्यांनी परतीचा करार केला होता असे देश. आमचा माणूस तुम्हाला नकोसा झाला तर आम्ही परत घेऊ, असा तो करार. त्यांच्या लोकांना दहा वर्षांनी अर्ज करता येई. दुसऱ्या यादीला वीस वर्षं. तिसऱ्या यादीत, विचारायला सरकारच उरलं नव्हतं असे देश. कुठं समुद्र आत शिरला होता, कुठं लढायांनी राखरांगोळी झाली होती. तिथल्या माणसाला अर्जच नव्हता. त्याला हाकलता येत नव्हतं म्हणून त्याला ठेवूनही घेत नव्हते. खाडीपलीकडं जुन्या गोदामांत त्यांची वसाहत होती. काम तिथंच करायचं, राहायचं तिथंच, आणि पोरांना चौदा वर्षांनंतर शाळा नाही. मूल इथं जन्मलेलं असलं तरी आईबापांपैकी ज्याची यादी खालची तीच त्याची. ज्याला परत पाठवता येतं त्यालाच घरात घ्यायचं, असा हा उलटा न्याय.

भारत पहिल्या यादीत होता. साहजिकच तिसऱ्या यादीतली माणसं पहिल्या यादीतल्या देशांचे कागद घेऊन येऊ लागली. कागद खोटा करता येतो. म्हणून दात.

दातांची विद्या अशी आहे. खडकात स्ट्रॉन्शियम नावाचा धातू असतो, एक हलका आणि एक किंचित जड. खडक जितका जुना तितका जडाचा वाटा साधारणपणे जास्त, कारण रुबिडियम नावाचा दुसरा एक धातू कोट्यवधी वर्षं हळूहळू मोडून त्याचा जड स्ट्रॉन्शियम होत राहतो. खडकातून तो मातीत आणि विहिरीत उतरतो, तिथून भाकरीत आणि पाण्यात, आणि तिथून लेकराच्या अंगात. अंग त्याला कॅल्शियम समजून दातांत बसवतं. हाडं जन्मभर झिजतात, नव्यानं भरतात. पण दाताचं वरचं टणक कवच एकदा घडलं की घडलं. पहिली कायमची दाढ जन्मापासून तिसऱ्या वर्षापर्यंत घडते, दुसरी साधारण आठव्यापर्यंत, अक्कलदाढ चौदाव्यापर्यंत. म्हणजे लहानपणी कोणत्या खडकाचं पाणी प्यालो, हे ज्याच्या त्याच्या तोंडात वर्षावार मांडलेलं असतं.

पूर्वी हे वाचायला दात उपटून प्रयोगशाळेत न्यावा लागे, आणि ते करत पुराणवस्तूंचे संशोधक, हजारो वर्षांपूर्वी मेलेल्यांच्या दातांवर. आता केसाहून बारीक लेसरनं जिवंत माणसाच्या दाढेवर टिंबं टिपता येत होती. एकेका टिंबात तीनचार आठवड्यांचं पाणी. जोडीला ऑक्सिजनही मोजत. त्यावरून पाणी पावसाचं ताजं की उन्हात साठून आटलेलं, हे कळे. मग यंत्र ती टिंबं जगाच्या नकाशावर ठेवून बघे. महाराष्ट्राचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे खडकांत तसा पोरसवदाच, आणि त्याची खूण ठळक. अंगदच्या दाढांत पहिल्या टिंबापासून शेवटच्या टिंबापर्यंत काळा पाषाण निघाला होता. अधिकाऱ्यानं उठून त्याच्याशी हात मिळवला होता.

परीक्षेचा निकाल लागला की हमीपत्र मिळे, आणि हमीपत्रावर जुनं नागरिकत्व सोडून द्यावं लागे. भारत एका माणसाला दोन देश ठेवू देत नाही. द्वारकानं दुसऱ्याच आठवड्यात पासपोर्ट जमा केला आणि नंतर आ करायला गेली. सगळे असंच करत.

दहा दिवसांनी बोलावणं आलं. कचेरीतल्या अधिकारी बाईचं नाव लिनेया. तिशीची, हळू बोलणारी, समोरच्याला आधी पाणी विचारणारी. पडद्यावर द्वारकाच्या दाढांची रेघ होती. रेघ सरळ नव्हती. खाली, वर, खाली, वर, गोधडीच्या टाक्यांसारखी.

"तुम्ही लिहिलंय की बालपण सगळं एका गावात गेलं," लिनेया म्हणाली.

"हो. आमचं गाव तेच."

द्वारकानं खोटं लिहिलं नव्हतं. बालपण कुठं गेलं या रकान्यात ती गावाचं नाव लिहिणार नाही तर काय लिहिणार? ऊसतोडीला गेलेला माणूस सहा महिने कुठंही असो, कोण कुठला म्हणून विचारलं की गावाचंच नाव सांगतो. ऊस तोडायचा तो फड. फडाला कुणी पत्ता म्हणत नाही.

"ही खालची टिंबं तुमच्या गावच्या खडकाशी जुळतात," लिनेयानं बोट फिरवलं. "वरची अडीचशे कोटी वर्षांच्या खडकाची आहेत. सहा महिने इथं, सहा महिने तिथं. असं दहा वर्षं. असं कुणी राहत नाही."

"आम्ही राहिलो."

मग द्वारकानं सगळं सांगितलं. दसरा झाला की ट्रॅक्टर यायचा. भांडी, शेळी, पीठ आणि लेकरं एकावर एक लादून दोन दिवसांचा प्रवास. तुंगभद्रेच्या कालव्यावरचे उसाचे फड. पाचटाच्या कोपीत राहायचं, कोपी म्हणजे माणूस वाकून आत शिरेल एवढं खोपट. आईबाप पहाटेपासून ऊस तोडायचे, ती मोळ्यांना आळे, म्हणजे उसाच्या पाल्याचे वेढे, बांधायची, कालव्यावरून पाणी आणायची. वैशाखात परत गावी. अंगद जन्मला त्या वर्षी बापाला डोंगरावरच्या पवनचक्कीवर राखणदाराचं काम लागलं आणि तोड सुटली.

लिनेयानं सगळं ऐकलं. मग पडदा फिरवून दाखवला. वरच्या टिंबांसाठी यंत्रानं जगभर शोधलं होतं. पहिला मेळ लागला होता दक्षिण समुद्रातल्या एका बुडत चाललेल्या बेटाशी, तिसरी यादी. तुंगभद्रेचं नाव कुठंच नव्हतं. नव्हतं, कारण भारताचा नकाशा करायला दात गोळा केले होते ते शहरांतल्या दवाखान्यांतून, ज्यांना घर आणि पत्ता होता त्यांचे. उन्हात आटलेलं कालव्याचं पाणी पिऊन वाढलेल्यांचे दात कुणी मागितलेच नव्हते. यंत्र खोटं बोलत नव्हतं. त्याला जेवढं शिकवलं होतं तेवढंच ते जाणत होतं.

"आणि हा तुमच्या शाळेचा दाखला," लिनेया म्हणाली. "तुमच्या सरकारनं पाठवलाय, हजेरीसकट. पहिली ते चौथी. एकही दिवस गैरहजर नाही."

द्वारकानं दाखला ओढून घेऊन हजेरीचे रकाने पाहिले.

"एक तर दाखल्यातली द्वारका नागरगोजे दुसरीच कुणी आहे आणि तुम्ही तिचं नाव घेतलंय. नाहीतर दाखला खोटा आहे."

"दोन्ही नाही, बाई."

"तिसरा रकाना नाही माझ्याकडे," लिनेया म्हणाली, आणि तिला ते खरंच वाईट वाटत होतं. "चाळीस दिवस आहेत. काही पुरावा असेल तर आणा. नाहीतर तुम्ही तिसऱ्या यादीत जाल. मुलगीही."

मुलगी जुई, तेरा वर्षांची. जुई दोन वर्षांची असताना तिचा बाप दुसऱ्या देशात कामाला गेला आणि फोन करायचा थांबला. तेव्हापासून घरात दोघीच. जुईला दीड महिन्यानं चौदा पुरी होणार होती.

द्वारकानं आपल्या वकिलातीत विचारून पाहिलं. पडद्यावरचा माणूस नागपूरकडचा निघाला, तिच्याशी मराठीतच बोलला.

"ताई, नागरिकत्व परत मागता येतं. पण अर्जदार तीच व्यक्ती आहे हे आधी ठरावं लागतं. तुमच्या ओळखीचा पाया तो दाखला. आणि तिकडचं सरकार म्हणतंय, दाखला आणि बाई जुळत नाहीत."

"तुम्हाला ऊसतोड ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे हो. पण मला ठाऊक असून भागत नाही."

मग तिनं गावाकडं गुरुजींना फोन केला. ढाकणे गुरुजी त्र्याऐंशी वर्षांचे झाले होते, कानाला यंत्र होतं, आवाज मात्र वर्गातलाच.

"गुरुजी, म्या द्वारका. वाल्मीक नागरगोजेची."

"अगं द्वारके! तिकडं बर्फात पाय घसरत न्हाई का गं तुझा?"

"आता न्हाई घसरत. गुरुजी, एक इचारते. आमी तोडीला गेल्यावर तुमी आमची हजेरी लावायचात ना?"



"लावायचो," गुरुजी म्हणाले. "दसरा झाला की साठांतली बारा पोरं उरायची वर्गात. नावं कमी केली असती तर शाळा उठली असती, आन् वैशाखात तुमी आल्यावर बसायला जागा नसती. म्हनून रोज साठ नावं मोठ्यानं घ्यायचो, आन् ती बारा पोरं आळीपाळीनं साठांचं 'हजर' म्हनायची. तुझं हजर ती बड्याची शांता म्हनायची. का गं?"

द्वारकानं सांगितलं.

"आरारा," गुरुजी म्हणाले. "लिहून देतो ना मी. उद्याच देतो. खोटी हजेरी लावली म्हनून या वयात मला कोन फासावर देतंय?"

"द्या, गुरुजी."

"देतो." मग ते घुटमळले. "पर द्वारके, मी बावीस वर्सं ह्याच शाळंवर होतो. एका वर्साची खोटी म्हनलं की सगळ्याच वर्सांची म्हनतील. माझ्या हातचे दाखले घेऊन तुमच्याकडं एकशेचार पोरं गेलीत. मी वहीत मांडून ठिवलंय, कुनाचा फोन आला की पुढं फुली मारतो. त्यांचं काय व्हईल?"

द्वारकानं फोन या कानावरून त्या कानाला धरला.

"तू सांग," गुरुजी म्हणाले. "तू म्हनशील तसं लिहितो. तू माझ्यापरीस शहानी झालीस आता."

रविवारी ती अंगदच्या घरी गेली. त्याची बायको लेकरांना घेऊन मुद्दाम बाहेर गेली होती, हे द्वारकाला दारातच कळलं. अंगदनं बाजरीच्या भाकरी थापल्या होत्या, कडा फाटलेल्या. दोघं जेवायला बसली आणि कुणीच जेवलं नाही.

"रक्त तपासा म्हनावं," द्वारका म्हणाली. "तुझं माझं एकच निघंल. मग मी कुनाचं नाव चोरलं म्हनतील?"

"तेच नको हाय मला, अक्का."

"म्हंजी?"

"एकच निघालं की त्यांच्या लेखी दोघांची आई त्या बेटावरची. आज माझी फाईल बंद हाय. रक्त दिलं की उघडली. मी एकटा असतो तर दिलं असतं. पर दोन लेकरं हायत, ती बी माझ्याच यादीत."

"तुझे दात तर चोख हायत."

"दात चोख. दाखला त्याच गुरुजींच्या हातचा."

द्वारका भाकरीचे तुकडे करत राहिली. "तुझे दात चोख का हायत, ठावं हाय का? तू जल्मला आन् तोड सुटली. तुला फड बघायला बी लागला न्हाई. मी शाळा सोडली ती तुला काखंत घ्यायला. आई धुण्याला जायची आन् तू माझ्या..."

"मी सांगितलं व्हतं का घे म्हनून?"

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं. तो उठला, पाण्याचा तांब्या भरून आणला, आणि तिच्याकडं न बघता बोलायला लागला. त्यानं कायदा वाचून काढला होता. जुई इथं जन्मली. तिच्या दाढांत इथलाच खडक, इथलंच पाणी. अशा पोराला इथला नागरिक पालक मिळाला तर चौदाच्या आत ते नागरिक होतं. अट दोन गोष्टींची. आईनं आपली यादी कबूल करून सही द्यायची, म्हणजे तंटा मिटला. आणि मुलावरचा हक्क सोडायचा.

"पालक मी व्हतो," अंगद म्हणाला. "आन् तू..."

"मी तुझी भन न्हाई. असंच ना?"

"कागदावर, अक्का."

"कागदावरच तर सगळं चाललंय, आंगद्या."

"मी म्हनायचं, गावाकडची वळख सांगून ही बाई भेटली, मी फसलो. मी बहिनीला कधी बघितलंच न्हवतं. कचेरीवाले मागाहून लई खोदत न्हाईत. कबुली मिळाली की झालं." तो थांबला. "न्हाईतर गुरुजींना लिहू दे. चौकशी व्हईल. पाच वर्सं, सात वर्सं चालंल. तुझं खरं ठरंल बी. पर जुईला चौदा पुरी व्हतील पुढल्या म्हयन्यात."

द्वारकानं मग भाकरी खाल्ली. सगळी खाल्ली. तो बघत होता म्हणून.

त्या संध्याकाळी तिनं गुरुजींना निरोप पाठवला, काही लिहू नका. कारण कळवलं नाही. गुरुजींनी उलट विचारलं नाही.

जुईला सांगणं सगळ्यात कठीण होतं. जुई इथल्या भाषेत विचार करायची आणि आईशी मराठीत बोलायची, त्यामुळं तिचं मराठी नेहमी सरळ आणि जरा टोचणारं असे.

"म्हणजे तू माझी आई नाहीस, असं लिहिणार?"

"आई हायच की. मामाची भन न्हाई, एवढंच."

"मग मामा माझा कोण?"

"पालक."

"आणि तू कुठं राहणार?"

"खाडीपल्याड. लांब न्हाई. रविवारी भेटायला येऊ देतात."

"कोण म्हणून येऊ?"

"वळखीची म्हनून ये."

जुई उठून खिडकीपाशी गेली. "मी नाही म्हणेन. मला विचारतील ना? मी सांगेन, मला जायचंय हिच्याबरोबर."

"सांगशील. मग तू बी तिथं. शाळा बंद. गोदामात मासे निवडशील, माझ्यासारखीच." द्वारकाचा आवाज चढला. "दहा वर्सं मोळ्यांला आळे बांधले मी. तुला तिथं न्यायाला न्हाई आले इथवर."

"पण ते खोटं बोलतायत! तू खरं सांगितलंस, तरी!"

"हो."

"मग तू भांडत का नाहीस?"

द्वारकाला एकशेचार पोरांचं सांगता आलं असतं. गुरुजींचं, अंगदच्या लेकरांचं सांगता आलं असतं. पण ते सगळं तेरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर ठेवायचं तिला जिवावर आलं.

"दमले गं," ती म्हणाली. जुईनं आयुष्यात पहिल्यांदा आईचं हे वाक्य ऐकलं, आणि ती वाद घालायची थांबली. आईवर विश्वास बसला म्हणून नाही. आई हरली असं तिला वाटलं म्हणून. त्यानंतर चार दिवस ती आईशी बोलली नाही, आणि द्वारकानंही ते तसंच राहू दिलं. रागात गेलेली पोर मागं वळून बघत नाही, असा तिचा हिशेब होता.

वृद्धाश्रमातलं काम त्याच आठवड्यात सुटलं. तिसऱ्या यादीचा नुसता संशय असलेल्या माणसालाही ते चालत नव्हतं. तळपायाला तेल लावून घेणारा म्हातारा म्हणाला, मी पत्र लिहितो, मी त्यांना सांगतो तू कोण आहेस. त्यानं खरंच लिहिलं. पत्राला छापील उत्तर आलं, की अर्जदाराच्या वर्तनाबद्दल कचेरीला काहीच शंका नाही.

कबुलीच्या दिवशी कचेरीच्या त्याच खोलीत तिघं बसली. टेबलाच्या एका बाजूला लिनेया, समोर द्वारका, आणि मधे दोन खुर्च्या सोडून अंगद. त्यानं कोट घातला होता. जुई बाहेरच्या बाकावर होती. तिला आत घेतलं नव्हतं.

द्वारकानं आधी सही केली. तिसऱ्या यादीतल्या त्या बेटाचं नाव तिला नीट उच्चारताही येत नव्हतं. लिनेयानं ते दोनदा म्हणून दाखवलं. मग मुलावरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही. अक्षर तिचं मोठं आणि गोल होतं, उशिरा शिकलेल्या माणसाचं असतं तसं, आणि ते रेघेवर नीट बसलं.

"आता तुम्हाला विचारते," लिनेया अंगदकडं वळली. "नियमाप्रमाणे एकच प्रश्न तीनदा विचारावा लागतो. ही बाई तुमची बहीण आहे का?"

अंगदनं द्वारकाकडं पाहिलं. द्वारकानं खाली बघितलं, म्हणजे त्याला सोपं जावं.

"नाही," तो म्हणाला.

"ही बाई तुमची बहीण आहे का?"

थोडा वेळ गेला. पहिल्याइतका नाही.

"नाही."

"ही बाई तुमची बहीण आहे का?"

"नाही," अंगद म्हणाला. या वेळी प्रश्न पुरता संपलाही नव्हता.

लिनेयानं खूण केली. मग कागद उलटता उलटता तिला काहीतरी सुचलं. तिनं मान वर केली.

"तुमच्या अर्जात बहिणीचं नाव आहे. मग तुमची खरी बहीण कुठं आहे?"

हा प्रश्न ठरलेला नव्हता. अंगद गोंधळला. द्वारकाला वाटलं, आता हा मोडतो. तिनं टेबलाखाली आपल्याच हाताला नखं रुतवली.

"माझ्या जन्माआधी ऊस तोडायला गेली होती," अंगद म्हणाला. "आईबापांबरोबर. लांब, तुंगभद्रेच्या काठी. आमच्याकडची माणसं जातात, सहा सहा महिने. तिकडून ती परत आलीच नाही."

लिनेयानं सहानुभूतीनं मान हलवली. नदीचं नाव तिनं त्याला पुन्हा विचारलं, एकेक अक्षर नीट लिहून घेतलं, आणि पुरावा काही मागितला नाही.